अंगठ्याने केलेला समुद्र

आमच्या कॉलनीत मला आवाजवाले काका म्हणतात. नर्मदेचा घाट, डुमन्याच्या जंगलाकडची पाखरं, बांबूतला वारा, असलं काही ज्याला टिपायचं असेल तो आधी माझ्या दारात येतो. “काका, रेकॉर्डर कोणता घेऊ?” पूर्वी या प्रश्नावर मी अर्धा तास सुखाने बोलायचो. आता डोकं फिरतं. समोरचा बिचारा गोंधळतो. त्याची काही चूक नसते.

तर एकदाच सांगतो. मोबाईलवर नदी किंवा समुद्र टिपू नका. मोबाईल स्वतःच्या अकलेने बारीक आवाज वाढवतो, मोठा दाबतो, आणि पाण्याचा सगळा चढउतार खाऊन टाकतो. खिशात मावेल असा दोन माइकचा साधा रेकॉर्डर पुरे. आवाजाची पातळी हाताने ठेवता आली पाहिजे. माइकची स्वतःची सरसर कमी हवी, आणि ती दुकानात कळत नाही, शांत जागीच कळते. माइकवर घालायची केसाळ टोपी रेकॉर्डरच्याही आधी घ्या. आणि कानाला हेडफोन लावल्याशिवाय एक मिनिटसुद्धा टिपू नका. झालं. याच्यापुढे जो तासभर बोलतो त्याला तुम्हाला काहीतरी विकायचं असतं.

हे मला आज कळतं. ज्या वेळी कळायला हवं होतं त्या वेळी कळत नव्हतं, आणि कळत नाही हेही कळत नव्हतं. त्यापायी मी एका मरणाऱ्या माणसाला खोटा समुद्र ऐकवला. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक. त्या खोट्या समुद्राच्या बदल्यात मी त्याच्याकडून माफी घेतली.

मी इथल्या, नर्मदेकाठच्या या हिंदी मुलखातल्या, एका संरक्षण कारखान्यात तपासनीस होतो, पुढे सेक्शनचा प्रमुख झालो. आमचं काम गेजचं. गेज म्हणजे पक्क्या मापाचा लोखंडी तुकडा. एक गेज भोकात गेला पाहिजे, दुसरा अडला पाहिजे. पहिला गेला, दुसरा अडला, माल पास. जुने कारागीर वस्तूवर बोट फिरवून किंवा ठोकून आवाज ऐकून सांगायचे की यात खोट आहे. मी त्यांना हसायचो. मापात बसतं ना, मग तुझ्या बोटाला कोण विचारतो?

आमच्या शेडमध्ये वरच्या क्रेनवर एक जण होता. वर्ध्याकडचा, माझ्याच वयाचा. आमचे क्वार्टर एका भिंतीचे. कारखान्यात मला साहेब म्हणायचा, घरी भाऊ. क्रेनच्या केबिनमध्ये त्याने कॅलेंडरचं एक पान चिकटवलं होतं. त्यावर समुद्र. त्याने समुद्र पाहिला नव्हता, त्याच्या बायकोनेही नाही, पण लग्न ठरताना त्याने तिला कबूल केलं होतं की दाखवीन. दरवर्षी काही ना काही निघायचं. शेवटी मुलगी पाच वर्षांची असताना त्याने एल.टी.सी., म्हणजे नोकरीतली प्रवाससवलत, घेतली, कोकणापर्यंतची तिकिटं काढली. वहिनींनी शंकरपाळे करून डबे भरले. मुलीने बडा फुहाऱ्याच्या बाजारातून वाळूत खेळायला प्लास्टिकची बादली आणली आणि आमच्या दारात येऊन दाखवून गेली.

गाडीच्या आदल्या दिवशी मी त्याची रजा रद्द केली.

मार्च महिना होता, टार्गेट होतं, असं मी तेव्हा सांगितलं आणि पुढे तीस वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. क्रेनवर दुसरा माणूस होता, काम अडणार नव्हतं. वरचे साहेब पाहणीला येणार होते आणि हजेरीच्या फळ्यावर मला पूर्ण आकडा हवा होता. बस. एवढंच कारण. साहेब आले, सव्वा मिनिट शेडमध्ये थांबले, फळ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“ठीक आहे साहेब,” तो म्हणाला आणि शिडी चढून वर गेला. मग पुन्हा त्यांचं जाणं झालं नाही. आई आजारी, मग बहिणीचं लग्न, मग मुलीचं शिक्षण. आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यानंतर शुगरने त्याचे डोळे गेले, आणि पाठोपाठ किडन्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी बाजूला बसायचो, पेपर वाचून दाखवायचो. असाच एकदा तो म्हणाला, “भाऊ, आता पाहून तर नाही राहिलो काही. पण ऐकू तर येते न. समुद्राचा आवाज आणता येईल का कुठून?”

मोबाईलवर हजार समुद्र मिळतात, मी लगेच एक लावला. तो ऐकून म्हणाला, “हा कोणाचाही आहे. आम्ही जाणार होतो तिथला पाहिजे.”

मला आनंद झाला, हे कबूल करतो. फेडायची सोय झाली असं वाटलं. मी महिनाभर वही घेऊन बसलो. कुठल्या रेकॉर्डरच्या माइकची सरसर किती, वजन किती, दोन पेन्सिल सेलवर किती तास चालतो, सगळ्याचे रकाने पाडले. आयुष्यभर जे केलं तेच. मग सदर बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण, भला माणूस. त्याने एक रेकॉर्डर पुढे केला. त्यात आवाजाची पातळी बदलायला पडद्यावर चार वेळा बटण दाबावं लागत होतं. मी तो परत सारला. दुसरा घेतला, त्याच्या कडेला अंगठ्याने फिरवायची चकती होती. चकती हलकी, एकसारखी फिरणारी. मला ती फार आवडली.

“अंकल जी, समंदर पे जा रहे हो तो ये बालों वाली टोपी भी ले लो,” तो म्हणाला आणि राखाडी केसांचा एक गोळा त्याने काउंटरवर ठेवला.

“मी काय माकडाला टोपी घालायला चाललो का?”

तो मराठी समजला नसावा, पण हसला. “हवा बहुत होती है वहाँ. और हेडफोन?”

“मीटर है ना इसमें,” मी म्हणालो. “मीटर देख के काम करते हैं हम. चालीस साल यही किया.”

त्या माणसाने माझ्या वयाकडे पाहून तोंड बंद ठेवलं. आज वाटतं, त्याने माझी गचांडी धरायला हवी होती.

कोकणातल्या त्या गावात मी तीन दिवस होतो. तीच जागा, जिथली त्यांची तिकिटं होती. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मी दगडावर रेकॉर्डर ठेवला आणि त्याच्या पडद्याकडे बघत बसलो. मीटरची पट्टी चढायची, उतरायची. लाल व्हायला लागली की मी चकती मागे घ्यायचो. सगळं मापात. वाऱ्याने माझा शर्ट अंगाला चिकटत होता, डोळ्यांत वाळू जात होती, तरी माझ्या डोक्यात आलं नाही की मला झोंबणारा हा वारा माइकलाही झोंबत असेल. मीटर मापात होता ना. माल पास. मी तीन दिवसांत एकदाही काय टिपलं गेलं ते ऐकलं नाही. समुद्रसुद्धा नीट ऐकला नाही. मी पट्टी बघत होतो.

परतीच्या गाडीत, इटारसी मागे पडल्यावर, समोरच्या बर्थवरच्या बाईंकडून मी इअरफोन मागून घेतले. पहिली फाइल लावली. ट्रकवरची ताडपत्री सुटून फडफडावी तसा आवाज. भडभड, भडभड, मधे खरखर. दुसरी तशीच. अकराच्या अकरा तशाच. त्या भडभडीखाली खोल कुठेतरी समुद्र असेल, पण माणसाच्या कानाला लागत नव्हता. पट्टी जी चढत उतरत होती ती लाटांनी नव्हे, वाऱ्याच्या तडाख्यांनी. बाई म्हणाल्या, “खराब हो गया क्या?” मी म्हटलं, “नहीं नहीं, बढ़िया है.” त्यांच्याशी खोटं बोलायचं काय कारण होतं? पण तोंडातून तेच आलं. स्वतःचा माल नापास म्हणायची मला सवयच नव्हती.

इथे लोक मला म्हणतील, आणि ज्या एकाला मी हे पूर्वी अर्धवट सांगितलं तो म्हणालाच, की मित्राकडे वेळ कमी होता, तुम्ही दुसरं काय करणार होता? याच वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. वेळ होता. तो त्यानंतर सात महिने जगला. सात महिन्यांत मी केसाळ टोपी घेऊन तीनदा जाऊन आलो असतो. त्याला जाऊन सांगितलं असतं की गड्या, चुकलं, वाऱ्याने खाल्लं, पुन्हा जातो, तर तो हसला असता आणि माझी चार दिवस टिंगल केली असती. मला तेवढंही नको होतं.

मी घरी पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी भेडाघाटला गेलो. तिथल्या धुआंधार धबधब्यावर अजून गर्दी व्हायची होती. संगमरवराच्या मूर्तीवाल्यांची दुकानं उघडायची होती. रेकॉर्डरला बायकोचा लोकरी मफलर गुंडाळला. आता अक्कल आली होती. कार्डात जागा हवी म्हणून कोकणातल्या अकरा फाइली तिथेच उभ्या उभ्या पुसून टाकल्या. मग पाण्याकडे तोंड करून रेकॉर्डर धरला आणि अंगठा चकतीवर ठेवला.

धबधबा एकसारखा कोसळतो, त्याला लाट नसते. लाट मी केली. मनात आठ मोजत चकती पुढे, आठ मोजत मागे. पुढे, मागे. वीस मिनिटं. अंगठ्याला गोळा आला तरी मोजणं सोडलं नाही. एकदा एक फोटोवाला “अंकल, फोटो?” म्हणत आला, तेवढा तुकडा घरी संगणकावर कापला. कापलेल्या जागेचा सांधा कळू नये म्हणून संध्याकाळपर्यंत घासत बसलो. या सगळ्यात मी जितकी काळजी घेतली त्याच्या निम्मी कोकणात घेतली असती तर पुरलं असतं. हातातून चांगलं काम होतं आहे याचं मला त्या दिवशी समाधानही वाटलं. लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं होतं.

तो खाटेवर उशी टेकून बसला. मी त्याच्या कानांवर नवे हेडफोन चढवले. हो, ते आता घेतले होते. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. त्याने हात मांडीवर ठेवले आणि ऐकायला लागला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. वीस मिनिटं संपली तेव्हा त्याने हेडफोन स्वतःच काढले.

“हाच का?”

“हाच. तुम्ही जाणार होता तिथलाच.”

“अच्छा.” हेडफोन मांडीवर ठेवून म्हणाला, “हा तर मशीन निघाला भाऊ. एका मापात चालून राहिला. येते, जाते, येते, जाते. आपल्या प्रेस शॉपसारखा. मला वाटलं होतं काही तरी वेगळं असेल.”

मी हेडफोन त्याच्या मांडीवरून उचलून वायर गुंडाळायला लागलो.

“लाटा अशाच असतात?”

“अशाच असतात,” मी म्हणालो.

या माणसाने तीस वर्षं वरच्या क्रेनवर बसून कानाने काम केलं होतं. खाली गिअरचा एक दात झिजला तरी तो वरून सांगायचा. त्याचा कान त्या दिवशीही बरोबर होता. त्याने यंत्र ओळखलं. फक्त यंत्र माझ्या अंगठ्याचं आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याने स्वतःचा कान सोडला आणि माझा शब्द धरला.

मग तो हसला. मोकळा हसला, खूप दिवसांनी. “चलो, बरं झालं. इतके वर्षं उगाच मनात घेऊन बसलो होतो. आता सांगायला हरकत नाही भाऊ, तुमच्यावर लई राग होता माझा त्या रजेचा. वाटायचं, काय हुकलं असेल, काय हुकलं असेल. काही नाही हुकलं. तुम्ही रजा कापली तेच बरं केलं. गेलं आता मनातून.”

आणि त्याने हवेत हात पुढे केला. त्याला दिसत नव्हतं, म्हणून माझ्या खांद्याऐवजी गालाला लागला. मी तो हात हातात घेतला.

मी तेव्हा बोललो नाही. त्यानंतरच्या सात महिन्यांत आठवड्यातून दोनदा त्याच्या शेजारी बसलो तेव्हाही बोललो नाही. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “समुद्र काही खास नसते. ऐकला मी.” लोक हसायचे, मीही हसायचो. तो गेला. लोक माझ्याबद्दल म्हणाले, असा मित्र पाहिजे, आंधळ्या माणसासाठी कोकणात जाऊन आला. तिथूनच मी आवाजवाला काका झालो. नंतर खरंच शिकलो, टोपी घेतली, कान लावायला शिकलो. डुमन्याकडची पाखरं माझी खरी आहेत. पण ज्या कामावर नाव झालं ते खोटं आहे.

हे असंच माझ्याबरोबर जळून गेलं असतं. पण गेल्या महिन्यात मी त्याच्या मुलीकडे गेलो होतो. मुलगी आता शाळेत शिकवते, तिलाच दोन मुलं आहेत, आई तिच्याकडेच असते. मुलगी वैतागली होती.

“काका, तुम्हीच समजवा आता. येत्या उन्हाळ्यात आम्ही गोव्याला जाऊन राहिलो, मम्मीचं पण तिकीट काढतो म्हटलं, तर ये सुनती ही नहीं. मैं तो बोल बोल के थक गई.”

वहिनी मटार सोलत होत्या. “मला नाही यायचं. त्यांनी ऐकला होता न. काही नसते म्हणत होते त्याच्यात. एवढ्या दूर गुडघे दुखवत काहून जाऊ?”

“तुम्हाला तर लग्नापासून जायचं होतं,” मी म्हणालो.

“होतं. मग ते म्हणाले ते ऐकून गेलं मनातून. तुम्हीच तर आणला होता भाऊजी. खोटं आहे का?”

त्यांनी ते सहज विचारलं. वर पाहिलंसुद्धा नाही. अडुसष्ट वर्षांची बाई, तिची एकच हौस, आणि ती मी अंगठ्याने मारून टाकली होती. नवऱ्याची एकदा, बायकोची दुसऱ्यांदा.

“खोटं आहे,” मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. टोपी, मीटर, ताडपत्रीचा आवाज, धुआंधार, आठ पुढे आठ मागे, आणि ते ऐकून त्याने मला माफ केलं तेही. मुलगी मधेच खुर्चीवर बसली. म्हणाली, “बाबा धुआंधार ऐकत होते? काका, धुआंधार? जिथे आम्ही दर रविवारी जायचो?” मी हो म्हणालो. “तुम्ही त्यांच्याकडून माफी पण घेतली?” मी हो म्हणालो.

वहिनी थांबल्या होत्या. “कशाची माफी?”

“रजेची,” मी म्हणालो. “त्या वेळची रजा मी कापली होती, त्याची.”

“तुम्ही कापली?”

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. साहेब येणार होते, हजेरीचा फळा, खरं कारण, सगळं.

वहिनींनी मटारचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. “त्यांनी तर मला सांगितलं होतं की, ओव्हरटाइम मिळून राहिला म्हणून मीच नाही म्हटलं जायला. तुमचं नाव नाही घेतलं कधी. शेजार होता न आपला. भिंतीला भिंत. मी शंकरपाळ्यांचे डबे तुमच्याच घरी पाठवले होते, खराब होतील म्हणून.”

ते डबे मला आठवत होते. आम्ही आठवडाभर खाल्ले होते.

“मी त्यांच्याशी दीड महिना बोलली नाही,” वहिनी म्हणाल्या. “जेवण वाढायची आणि आत जायची. ते चुपचाप जेवायचे. एकदा नाही म्हणाले की मी नाही, त्याने केलं. त्या दीड महिन्याचं मी आता काय करू भाऊजी?”

मला त्या क्षणी त्या माणसाचाही राग आला, हे लिहिलं पाहिजे. कशाला झाकलंस मला? तेव्हाच भिंतीपलीकडून दोन शिव्या दिल्या असत्यास, वहिनींनी माझ्या दारात येऊन मला उभा-आडवा घेतला असता, तर हिशेब तिथेच मिटला असता. पण हा राग दुसऱ्याच्या माथी मारायची माझी जुनी खोड आहे. तो गप्प राहिला कारण त्याला उद्या पुन्हा माझ्याच हाताखाली शिडी चढायची होती, आणि त्याच्या बायकोला माझ्या बायकोशी रोज बोलायचं होतं. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी एका ओळीत रजा कापू शकलो.

“माफ करा,” मी म्हणालो.

“ते तर मेले माफ करून,” वहिनी म्हणाल्या. “माझ्याकडे नका मागू.” त्या उठल्या, गुडघ्यावर हात दाबत आतल्या खोलीत गेल्या. दार लावलं नाही, पण परत बाहेर आल्या नाहीत.

मुलगी मला फाटकापर्यंत सोडायला आली. रडत नव्हती. तिच्या शाळेतल्या मुलांशी बोलावं तशी बोलली. “तो आवाज माझ्या फोनमध्ये आहे. माझी पोरं झोपताना ऐकतात. नाना का समंदर. त्यांना मी काय सांगू?”

“खरं सांग.”

“मी नाही सांगणार. तुम्ही लिहा. सगळं लिहा, रजा पण. पोरांना मराठी वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. आणि जे जे तुम्हाला चांगलं म्हणतात न, त्यांना पण वाचू द्या.”

मी बरं म्हणालो. ती फाटक लावून घेत होती. मी विचारलं, “वहिनी आता जातील का?”

“जाणार. मी नेणार तिला. गोव्याला नाही, तिथेच. जिथली तिकिटं होती.”

“तिथे सकाळी वारा जरा कमी असतो. मी सांगू का तुला, कुठल्या बाजूच्या दगडावर...”

“नको काका,” ती म्हणाली. “आम्ही जाऊन बसू. काही रेकॉर्ड नाही करायचं. आणि तुम्ही येऊ नका.”

“नाही येत,” मी म्हणालो.